चोवीस आक्षेप

तिसऱ्या शतकात तिबेरियाच्या पाठशाळेत रब्बी योहानान आणि रेश लाकिश ही अभ्यासाची जोडी होती. एक थोर आचार्य, दुसरा पूर्वायुष्यातला दरोडेखोर. शिवाय नात्याने मेहुणे. तलवार किंवा सुरी पूर्ण झाली असे कधी मानायचे, भट्टीतून निघाल्यावर की तिला पाणी पाजल्यावर, यावर एकदा वाद पेटला. त्या भरात योहानान रेश लाकिशचा जुना धंदा काढून बोलला. ते बोलणे त्याच्या जिव्हारी लागले. तो आजारी पडला आणि वारला.

शोकाकुल योहानानकडे इतर पंडितांनी नवा जोडीदार धाडला. हा विद्वान त्याच्या प्रत्येक विधानाला पाठिंब्याचा आधार काढून देई. योहानान आणखीच व्याकूळ झाला. रेश लाकिश एकेका मतावर चोवीस आक्षेप घ्यायचा, त्यांना चोवीस उत्तरे द्यावी लागायची आणि त्यातून विषय विस्तारत जायचा. आपले म्हणणे बरोबर आहे हे सांगायला योहानानला दुसरा माणूस नको होता.

तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली ही कथा आजच्या वर्गालाही लागू पडते. ज्ञान एकट्याच्या डोक्यात तयार होते की दोन माणसांच्या मध्ये?

यहुदी पाठशाळांचे उत्तर ठाम आहे. तिथे विद्यार्थी आजही दोघादोघांनी बसून, मोठ्याने वाचत, एकमेकांना अडवत शिकतात. या पद्धतीला हवरूता म्हणतात. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांनी आपल्या विद्येतल्या जाणकारांशी चर्चा करावी असे सांगितले आहे, आणि तिचे दोन प्रकार मानले आहेत: स्नेहाची संधाय संभाषा आणि जिंकण्यासाठीची विगृह्य संभाषा. हवरूतेत स्नेह पहिल्या प्रकारातला आणि धार दुसऱ्यातली असावी लागते.

तंत्रज्ञानाने ही परंपरा मोडली नाही, उलट तिचा विस्तार केला. व्हेनिसमधल्या दानिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद छापले. मधोमध मूळ मजकूर, भोवती राशी आणि तोसाफोत या टीका, आणि सर्वांसाठी सारखेच पृष्ठांक. पान सगळीकडे एकच झाल्यामुळेच १९२३ साली रब्बी मेइर शापिरो व्हिएन्नात म्हणू शकले, की जगभरच्या यहुद्यांनी रोज तेच एक पान वाचावे. २,७११ पानांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षे चालते. १ जानेवारी २०२० रोजी एका आवर्तनाच्या समाप्तीसाठी न्यू जर्सीच्या स्टेडियममध्ये जवळपास ९०,००० लोक जमले होते. ‘सेफारिया’ या संकेतस्थळाने २०१७ पासून तालमूदचे इंग्रजी भाषांतर मोफत खुले केले, आणि पाठशाळेची पायरी कधी न चढलेल्यांनाही तेच पान मिळाले.

हा प्रवाह मराठीलाही स्पर्शून गेला आहे. पुण्यात १८७४ साली बेने इस्राएली यहुद्यांसाठी मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्रीच्या या ग्रंथातली कथा लहान मुलाच्या प्रश्नांपासून सुरू होते. घरातल्या धाकट्याने विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचे.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी १९९१ मध्ये वर्गात असेच काहीसे सुरू केले. संकल्पनेवरचा प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने उत्तर निवडायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवायचे आणि पुन्हा निवड करायची. पुढे मते मोजायला हातातली बटणयंत्रे आली. यंत्राचे काम मोजण्यापुरतेच. शिकणे घडते ते मधल्या त्या दोन-तीन मिनिटांच्या हुज्जतीत.

इथेच आजची साधने तपासायला हवीत. सामायिक दस्तऐवजात चार विद्यार्थी चार तुकडे लिहून, एकमेकांचे न वाचताच प्रकल्प पुरा करू शकतात. संभाषण करणारी यंत्रे तर बहुधा योहानानच्या दुसऱ्या जोडीदारासारखी वागतात. सांगितले तर ती चोवीस आक्षेपही काढून देतील, पण त्या आक्षेपांत त्यांचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नसते. रेश लाकिशचे सर्वस्व लागले होते. तो दुखावू शकत होता, म्हणूनच त्याला उत्तर देताना योहानानवर जबाबदारी होती. ती तो एकदा विसरला आणि आयुष्यभराचा सोबती गमावून बसला. दुसऱ्याला न दुखावता त्याचे मत खोडायला शिकणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो सराव हाडामांसाच्या माणसासमोरच होतो. म्हणून समूहप्रकल्पाला गुण देताना शिक्षकांनी सादरीकरणाच्या सफाईपेक्षा एक गोष्ट आधी विचारावी: कामाच्या ओघात कोणाचे मत कोणामुळे बदलले, आणि कशावरून?