किती दिवसांत येईल?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



हल्ली मुलांना गिटार शिकायची हौस आहे. चांगलंच आहे. पण महिना झाला की घरात सुरू होतं, "अजून एक गाणं येत नाही? आत्याच्या मुलाने तर ग्रुपवर व्हिडिओ टाकला!" भजनातही तेच. नवा अभंग घेतला की पहिला प्रश्न, किती दिवसांत बसेल?

एखादी गोष्ट येणं वेगळं आणि मुरणं वेगळं. येण्याचा हिशेब थोडाफार करता येतो. नवख्याची बोटं तारांनी दुखतात, कातडी घट्ट व्हायला काही आठवडे जातात. मग सोपं गाणं तुकडे करून, आधी सावकाश, रोज अर्धा तास वाजवलं की हळूहळू येतं. मुरण्याला मात्र तारीख देता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. कुमार गंधर्वांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचे. लोक थक्क व्हायचे. "किती दिवसांत" या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला असता. तरी वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे गेले आणि तिथे अनेक वर्षं शिकत राहिले. दुसऱ्यांचं गाणं गळ्यात आलं होतं, स्वतःचं अजून यायचं होतं.

पुढे क्षयाने गाठलं. 1948 च्या सुमारास ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. ती वर्षं त्यांनी अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकली. 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले, आणि त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. त्यांना नाव दिलं धुनउगम राग. आपल्या कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी कुंडातलं पाणी थांबल्यासारखंच दिसतं, पण मलप्रभेचा उगम तिथेच आहे.

म्हणून "वेळ लागतोच" म्हणत गिटार कोपऱ्यात टेकवून ठेवायची नाही हं! गळा बंद होता तेव्हाही कुमारजींचे कान कामाला होते. आळस आणि धीर बाहेरून सारखेच दिसतात. रोजची बैठक होते की नाही, एवढ्यावरूनच ते ओळखावे.

आणि घाई नक्की कुणाला असते? पुष्कळदा मुलाला नसते, आपल्याला असते. फी भरलीय, पाहुण्यांना दाखवायचंय. मग ते कोवळं पोर सुरांपेक्षा आपल्या तोंडाकडेच बघत वाजवतं, आणि एक दिवस सोडून देतं.

नामाचंही असंच आहे. जप किती झाला ते माळेवर मोजता येतं. आपला राग किती उतरला, ते घरच्यांना विचारावं लागतं.

या आठवड्यात एवढंच करूया. "कधी येणार?" असं न विचारता "आज काय वाजवलंस, ऐकव बघू" म्हणूया. चुका झाल्या तरी शेवटपर्यंत ऐकूया, मोबाईल बाजूला ठेवून.

श्री गुरुचरणी सर्वांचं कल्याण असो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥