जाळ्यातलं फुलपाखरू

चंडीगढ, सेक्टर 26 मधली फुलपाखरांची बाग. झुडपात सिग्नेचर स्पायडरची मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली. पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखे ताणलेले, पोटावर पिवळे पट्टे, पायांशी पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण. जाळ्याच्या कडेला एक पिवळं फुलपाखरू फडफडत होतं.

भाची : मामा, सोडवू या ना त्याला!

मी : निसर्गात आपण हात घालू नये गं.

भाची : कुठला निसर्ग? ही बाग माणसांनीच लावली, फुलपाखरं यावीत म्हणून. पलीकडचा सुखना तलावसुद्धा 1958 साली ओढा अडवून केलेला. बोलवायचं आपणच, आणि जिवावर बेतलं की आपण तिऱ्हाईत?

(तिचा हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही.)

मी : बरं. पण फुलपाखराच्या जागी माशी असती, तर थांबली असतीस?

भाची : नसते थांबले.

मी : तेच टोचतं मला. दया रंग बघून धावते.

भाची : म्हणून एकासाठीही धावायचं नाही?

एवढ्यात मादी धावली आणि तिने चावा घेतला. टोळ अडकला की ती आधी त्याला रेशमात गुंडाळते. फुलपाखरू मात्र पंखांवरचे खवले धाग्याला सोडून निसटू शकतं, म्हणून त्याला आधी चावते.

भाची : आपण बोलत बसलो, आणि निकाल लागला.

मी : हो. बोलत बसणं हाही निर्णयच होता. पण कधीकधी कोळी स्वतःच शिकार सोडून देतो. अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी पाहिलं होतं, सोनेरी जाळं विणणारा कोळी एका पतंगाला स्वतःच धागे तोडून मोकळं करतो. त्या पतंगाच्या अळीने खुळखुळ्याच्या जातीची झाडं खाऊन अंगात विष साठवलेलं असतं.

भाची : म्हणजे विष असेल त्याचीच सुटका. यात न्याय कुठे आला?

मी : नाहीच. न्याय आपण आणायचा, तर त्याची किंमत ही मादी मोजणार. जाळं तिच्याच अंगातल्या प्रथिनांचं. जुनं खाऊन ती नवं विणते. पोट रिकामं राहिलं, तर अंडी कुठून येणार?

भाची : पटलं. पण उद्या कुणी झाडूने हे जाळं पाडायला आलं, तर अडवशील?

मी : अडवीन.

भाची : मग ‘हात घालू नये’ हे कारण आज सांगू नकोस. तू तिची बाजू घेतलीस, एवढंच म्हण.

मी : घेतली.