अधिष्ठान, फळ आणि लहान देशाचा संघ

ज्या कर्माच्या शेवटी अपयश आहे हे कर्त्याला आरंभीच दिसते, ते कर्म करण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. परंतु एखाद्या लहान देशाचा सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल संघ जागतिक स्पर्धेत उतरतो, तेव्हा हा प्रश्न ग्रंथातून बाहेर येऊन हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत उभा राहतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात झालेल्या फिफाच्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेतील २४ संघांत न्यू कॅलेडोनियाचा संघ होता. दक्षिण प्रशांत महासागरातील हा द्वीपसमूह फ्रान्सच्या अधिपत्याखाली असून त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आत, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम शहराएवढी आहे. राजकीयदृष्ट्या तो स्वतंत्र देश नसला, तरी फुटबॉलच्या जगात २००४ पासून तो फिफाचा स्वतंत्र सदस्य आहे. या संघाने पहिला सामना गुवाहाटीत खुद्द फ्रान्सशी खेळून १-७ असा गमावला, दुसरा होंडुरासविरुद्ध ०-५ असा गमावला आणि १४ ऑक्टोबरला कोलकात्यात जपानला १-१ असे बरोबरीत रोखले. बरोबरीचा तो गोल जेकब जेनो या खेळाडूने ८३व्या मिनिटाला केला.

ही हकीकत येथेच थांबली असती, तर तिच्यातून चिकाटीला अखेर फळ मिळते असा सोयीचा बोध काढता आला असता. परंतु २०२३ मध्ये इंडोनेशियात झालेल्या याच स्पर्धेत न्यू कॅलेडोनियाचा संघ इंग्लंडकडून ०-१०, ब्राझीलकडून ०-९ आणि इराणकडून ०-५ असा हरला. तीन सामन्यांत त्याच्यावर २४ गोल झाले आणि त्याला एकही करता आला नाही. म्हणजे फळ ही पायरीपायरीने चढत जाणारी गोष्ट नाही, आणि म्हणूनच कर्माचे समर्थन फळाच्या आशेवर उभे करता येत नाही. ते उभे करायचे तर दुसरा पाया शोधावा लागतो.

त्या पायाचा शोध ‘अधिष्ठान’ या जुन्या शब्दापाशी नेतो, आणि तिथवरची वाट विश्वकर्म्याच्या नावातून जाते.  विश्वकर्मा म्हणजे सर्व काही घडवणारा, कारागिरांचे दैवत. कारखान्यातील यंत्रांची त्याच्या नावाने पूजा होते आणि महाराष्ट्रात खंडेनवमीला औजारे पुजली जातात तेव्हाही भाव तोच असतो. या पूजेत एक लक्षणीय गोष्ट अशी, की तिच्यात हळदकुंकू वाहिले जाते ते औजाराला, तयार मालाला नव्हे. काम ज्याच्या साहाय्याने होते त्याचा आदर आधी, कामातून काय निघेल याचा विचार नंतर, असा क्रम ती न बोलता शिकवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८१वे आणि ८२वे ही दोन सूक्ते याच विश्वकर्म्याला उद्देशून आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या सूक्तात ऋषी स्तुतीबरोबरच एक प्रश्नही विचारतो: सृष्टी घडवताना या कर्त्याचे अधिष्ठान, म्हणजे उभे राहण्याचा आधार, कोणते होते? सर्व काही घडवणाऱ्यालाही आधार काय होता असे विचारले जाते, यातच कर्ता कधीही एकटा नसतो या विचाराचे बीज आहे.

हेच बीज भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात विस्ताराने उगवलेले दिसते. तेथे कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारभूत स्थान, ज्याचा अर्थ भाष्यकारांनी मुख्यतः शरीर असा केला आहे, कर्ता, करण म्हणजे साधने किंवा इंद्रिये, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव, म्हणजे कर्त्याच्या हाती नसलेले सर्व काही. जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला वस्तुस्थिती दिसत नाही, असा गीतेचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष सहसा यशाने फुगलेल्या माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी सांगितला जातो; परंतु तो पराभूतालाही तितकाच लागू आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. विजय जर एकट्या कर्त्याचा नसेल, तर पराभवही एकट्याचा असू शकत नाही. अधिष्ठानाचा अर्थ शरीरापुरता न ठेवता ज्या भूमीवर आणि ज्या समाजात ते शरीर वाढते तिथवर नेला, तर दहा गोल झालेल्या संघाच्या पराभवात मोजक्या मैदानांचा, थोड्या सामन्यांचा आणि निवडीसाठी उपलब्ध असलेल्या मूठभर मुलांचा वाटा उघड दिसू लागतो.

अधिष्ठान म्हणजे केवळ लोकसंख्या नव्हे, हे यजमान भारतानेच त्या स्पर्धेत दाखवून दिले. सव्वाशे कोटींहून अधिक लोकांचा हा देश फुटबॉलमध्ये लहानच होता. ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने ८२व्या मिनिटाला हेडरने केलेला गोल हा फिफाच्या विश्वचषकातील भारताचा पहिला गोल ठरला, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने विजयी गोल केला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. ज्या शहरात पेठापेठांच्या तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरील सामना हा घरोघरी चर्चेचा विषय असतो, त्या शहराने या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या अधिष्ठान पुरवले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. पराभवाची जबाबदारी अशी पाच कारणांत वाटून टाकली, तर आळशी संघालाही निष्काम कर्माच्या पडद्याआड लपता येईल. या आक्षेपाचे उत्तर लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथात सापडते. कर्माचा परिणाम काय होईल याचा विचार करणे आणि त्या परिणामावर आपला हक्क सांगत त्यात मन गुंतवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सोडायची ती दुसरी, जिला फलाशा किंवा आसक्ती म्हणतात. पाच कारणांपैकी साधने आणि प्रयत्न यांवर कर्त्याची सत्ता चालते, म्हणून तेवढ्यापुरता त्याचा हिशेब कठोरपणेच झाला पाहिजे. चुकीचा पास, सुटलेला खेळाडू, अपुरा सराव यांना दैवाच्या खाती टाकण्याची मुभा कर्मयोग देत नाही. फलाशा सोडलेला माणूस स्वतःच्या चुका अधिक स्वच्छ पाहू शकतो, कारण त्या झाकण्यात त्याचा काही स्वार्थ उरलेला नसतो.

याउलट फलाशा कर्माला आतून कशी पोखरते, याचे उदाहरण याच वयोगटाच्या फुटबॉलने दिले आहे. वय चोरून मोठी मुले खेळवण्याचा प्रकार इतका बळावला, की २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून फिफाने खेळाडूंच्या मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज घेणारी ही पद्धत आहे. वय लपवून मिळवलेल्या विजयात फळ हाती येते, पण ज्या कर्माचे ते फळ म्हणून मिरवले जाते ते कर्म घडलेलेच नसते, कारण सतरा वर्षांखालील मुलांचा सामना मुळात झालेलाच नसतो. प्रामाणिकपणे दहा गोलांनी हरलेल्या संघाने मात्र ते कर्म पूर्ण केलेले असते. कर्म सिद्धीस गेले म्हणून हुरळू नये आणि अडखळले म्हणून खचू नये, जे जेवढे घडेल ते अर्पण केले की ते परिपूर्णच झाले असे समजावे, असा ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायातील विवेचनाचा आशय आहे. अपूर्ण वाटणाऱ्या कर्मालाही पूर्णत्व असू शकते, या विचाराची ही मराठीतील एक जुनी मांडणी म्हणता येईल.

तरीही एक प्रश्न उरतो: असे कर्म करायचे कोणासाठी? गीतेचे उत्तर लोकसंग्रह हे आहे; लोकसंग्रह म्हणजे लोकांना एकत्र धरून ठेवणे आणि योग्य मार्गावर राखणे. न्यू कॅलेडोनियात मूळचे कनाक लोक आणि युरोपीय वंशाचे लोक यांच्यात स्वातंत्र्याच्या प्रश्नावर खोल मतभेद आहेत; त्यावर २०१८, २०२० आणि २०२१ अशी तीन वेळा सार्वमते घेण्यात आली आणि तिन्ही वेळा स्वातंत्र्याच्या विरोधात कौल गेला. आपण कोण, याचे उत्तर ज्या समाजाला मतपेटीतून एकमुखाने मिळत नाही, त्याच्या नावाने अकरा मुले एकाच रंगाचा सदरा घालून फ्रान्ससमोर उभी राहतात, तेव्हा गोलफलकावर न दिसणारे एक कार्य घडत असते. ते कार्य जिंकण्यावर अवलंबून नाही. उपस्थित राहण्यावर आणि शेवटच्या मिनिटापर्यंत खेळण्यावर अवलंबून आहे.

मात्र लोकसंग्रहाचा भार सोळा वर्षांच्या मुलांवर टाकणाऱ्या समाजाचेही एक कर्तव्य असते. मुले कर्ता आहेत, तर मैदाने, प्रशिक्षक, आहार आणि नियमित सामने यांचे अधिष्ठान रचणे हे वडीलधाऱ्यांचे कर्म आहे. ते न करता मुलांकडून फळ मागणे हा अधर्म होय. म्हणून कुमार संघ हरून परततो तेव्हा त्याच्यावर किती गोल झाले हे विचारण्याआधी, त्याच्या पायाखाली आपण कोणती जमीन दिली होती हे प्रत्येक समाजाने स्वतःला विचारावे. विश्वकर्म्याला विचारलेला प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी खेळाडूंची नसून आपली आहे.