स्ट्रेचर उचलणारे हात

मेल गिब्सनचा 'हॅकसॉ रिज' (2016) इतिहासाशी किती इमान राखतो, ही चर्चा बहुधा तपशिलांतच अडकते. डेस्मंड डॉस या अमेरिकी सैन्यातल्या वैद्यकीय सेवकाने बंदूक धरायला नकार दिला आणि मे 1945 मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून दोरीने सुमारे 75 जखमी खाली उतरवले, हे खरेच आहे. ग्वाम आणि लेते इथली त्याची आधीची कामगिरी गाळल्यामुळे ओकिनावा ही त्याची पहिलीच लढाई वाटते, हेही खरे. गंमत म्हणजे काही ठिकाणी चित्रपट वास्तवापेक्षा सौम्य आहे. जखमी डॉसने स्वतःचे स्ट्रेचर दुसऱ्याला देऊ केले, त्यानंतर गोळी लागून त्याचा हात मोडला, तेव्हा रायफलच्या दस्त्याची फळी बांधून तो सरपटत मागे आला. हे पडद्यावर नाही. दाखवले असते तर कुणाला पटले नसते.

वर्ध्यात बसून पाहणाऱ्याला मात्र वेगळा प्रश्न पडायला हवा. शस्त्र न धरता रणांगणातले जखमी उचलणारा माणूस युद्धाच्या बाहेर राहतो का? चित्रपट गृहीत धरतो की राहतो. हाच प्रश्न चाळीस वर्षे स्वतःला विचारत आलेला माणूस 1936 पासून इथल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहत होता.

गांधींनी 1899 साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सुमारे 1100 हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे केले. कोलेन्सो, स्पिऑन कोप इथले जखमी या माणसांनी मैलोन् मैल वाहून नेले. मनाने गांधी बोअरांच्या बाजूचे होते. पण साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यही करायचे, असा त्यांचा हिशेब होता. 1906 साली झुलूंच्या बंडाच्या वेळी ते पुन्हा स्ट्रेचर घेऊन निघाले. तिथे त्यांच्या वाट्याला आले ते फटके खाऊन जखमा चिघळलेले झुलू, ज्यांना हात लावायला गोरे तयार नव्हते. हे युद्ध नसून माणसांची शिकार आहे, हे त्यांना तिथेच जाणवले. तरी 1914 साली लंडनमध्ये तिसरे पथक उभे राहिले. आणि 1918 साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ते चक्क सैन्यभरतीसाठी हिंडले, या वेळी स्ट्रेचरसाठी नव्हे, बंदुकीसाठी. तिथल्या सत्याग्रहात गाड्या फुकट देणारे शेतकरी आता भाडे घेऊनही गाडी देईनात. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना अहिंसा जास्त नीट कळली होती, असे मला वाटते.

श्याम बेनेगलांचा 'द मेकिंग ऑफ द महात्मा' (1996) दक्षिण आफ्रिकेपाशी थांबतो. ॲटनबरोंचा 'गांधी' (1982) चंपारणनंतर थेट रौलटला पोचतो आणि मधली भरती गायब होते. चरित्रपटांतली चूक मला तारखांत दिसत नाही. माणसाचा विचार पहिल्यापासून तयारच होता असे दाखवण्यात ती दिसते.

पुढे आत्मकथेत, आणि 1928 साली बार्ट द लिख्त या डच शांततावाद्याला उत्तर देताना, गांधींनी निर्वाळा दिला की शस्त्र चालवणारा आणि जखमींची सेवा करणारा यांत अहिंसेच्या दृष्टीने फरक नाही; दोघेही युद्धाला हातभार लावतात. स्वतःची जुनी पथकेही त्यांनी या निकषातून सोडली नाहीत.

आता 'हॅकसॉ रिज'मधला तो प्रसंग आठवा. डॉसची प्रार्थना संपेपर्यंत अख्खी तुकडी हल्ला थांबवून उभी राहते. हे रचलेले नाही; तो खरोखरच शनिवार होता, त्याच्या पंथाचा शब्बाथ. प्रार्थना संपली आणि हल्ला सुरू झाला. चित्रपटातला एक अस्सल क्षण गांधींच्याच म्हणण्याला पुरावा देतो, आणि दिग्दर्शकाला त्याचा पत्ताही नाही.

मराठी माणसाला या संदर्भात आठवतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. काँग्रेसने 1938 साली चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (1946) प्लेगची साथ आहे, जपान्यांच्या हातून सुटका आहे. प्रत्यक्षात डिसेंबर 1942 मध्ये कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. त्यांनी तटस्थतेचा आव आणला नाही. एका लढणाऱ्या सैन्याचे डॉक्टर म्हणूनच ते तिथे होते. गांधींचा निकष त्यांच्यापुरता तरी त्यांनी आधीच मान्य केला होता म्हणायचे.

फ्रान्स पडल्यावर जून 1940 मध्ये वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीने परचक्राच्या बाबतीत गांधींबरोबर शेवटपर्यंत जाणे जमणार नाही, असे सांगून टाकले. 17 ऑक्टोबरला गांधींचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून पवनारला विनोबा भावे बोलायला उभे राहिले: युद्धाला माणूस नाही, पैसा नाही. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. 1899 चे स्ट्रेचर इथे खाली ठेवले गेले. याच्यावर युद्धपट निघणे कठीण, कारण कॅमेऱ्याने टिपावे असे तिथे काही घडतच नाही.

याच वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे दारूगोळा कोठार आहे. 'हॅकसॉ रिज' आला त्याच वर्षी, 31 मे 2016 ला, तिथे आग लागून अग्निशमन दलाच्या माणसांसह अनेकजण गेले. जखमींना सावंगीच्या रुग्णालयात नेले. त्याला विनोबांचेच नाव आहे. 1928 चा निकष तिथल्या डॉक्टरांना लावायला माझे मन धजत नाही. का धजत नाही, हे मात्र मला गांधींच्या भाषेत मांडता येत नाही.