ती यादी टेबलावर ठेव

खाली बस आणि मोबाइल बाजूला ठेव. काल तोंडी सरावासाठी माद्रिदच्या सत्तरीतल्या बाईंना व्हिडिओ कॉलवर बोलावलं होतं, ते तुझ्या भल्यासाठी. त्यांनी साधं विचारलं, 'आ के आसे कालोर एन बोपाल?' भोपाळला उकडतंय ना, एवढंच! आणि तू विचारलंस, 'कितीची पैज?' का, तर तुझ्या त्या पाठ केलेल्या यादीत 'आ के' समोर 'पैज' लिहिलंय. अरे, मे महिन्यात भोपाळला उकडतं की नाही, यावर कोण पैज लावेल? निदान एवढा तरी विचार करायचा होतास!

'आ के' सुराबरोबर रंग बदलतं. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट पुढे आली, की बोलणाऱ्याला फक्त तुझा होकार हवा असतो. 'आ के नो ते आत्रेवेस?' म्हटलं, तर तो तुला डिवचतोय: नाही ना होत हिंमत? आणि दंगा करणाऱ्या पोराला आई 'आ के ते पेगो' म्हणते, तेव्हा ती बजावत असते, देऊ का एक ठेवून? हे कानाने शिकायचं असतं. तू स्पॅनिश मालिका रात्र रात्र बघतोस खरा, पण नजर सगळी खालच्या इंग्रजी ओळींवर.

माझा खरा संताप मात्र पुढच्या प्रकाराचा आहे. बाई कौतुकाने म्हणाल्या, एकदा भोपाळचा मोठा तलाव बघायला यायचंय. त्यावर तू 'नो आय उएवोस' ठोकून दिलंस! शब्दकोशात 'अंडी' सापडली म्हणून तुला ते निरुपद्रवी वाटलं? पुरुषाच्या अवयवांवरून मारलेला तो अश्लील टोमणा आहे. स्पेनमध्ये दोस्त एकमेकांना चिथवताना तो मारतात. जुन्या शहरात दगडी पटियावर बसलेल्या मित्राला तू सलगीने 'को खां' म्हणतोस, घरी आलेल्या आजोबांना म्हणशील? भोपाळच्या बोलीत तुला हे भान आहे. मग स्पॅनिशमध्ये ते कुठे गहाण टाकलंस?

पैज लावायचीच असेल तर नीट लाव. 'ते आपुएस्तो उन काफे आ के युएवे', म्हणजे लागली एका कॉफीची पैज, पाऊस येणार. आधी पणाला लावलेली वस्तू, मग 'आ के', आणि त्यापुढे साधं वर्तमानकाळी क्रियापद, कारण बोलणारा ठामपणे सांगतोय. आव्हान दिलंस की रूप बदलतं: 'ते रेतो आ के बेंगास'. तिथे 'बिएनेस' चालत नाही, कारण येणं अजून घडलेलं नाही, ते तू दुसऱ्याकडून मागतोयस. फळ्यावर इतक्यांदा लिहून दिलं, तरी वहीत चूक तीच.

आणि परीक्षा विसरू नकोस. स्पॅनिशच्या 'डेले' बी-वन परीक्षेत ऐकणं आणि बोलणं मिळून 50 पैकी 30 गुण लागतात. ते पडले नाहीत तर वाचन-लेखनात पैकीच्या पैकी मिळवलेस तरी नापास. तुझं लेखन वर्गात सगळ्यांत सरस आहे, म्हणून तर जीव तुटतो माझा! एवढी बुद्धी आणि कानांचा असा आळस.

आज संध्याकाळपर्यंत बाईंना माफीचं पत्र लिही. संपूर्ण पत्रात आदरार्थी 'उस्तेद', एकदाही 'तू' नको. यंत्राकडून भाषांतर करून आणलंस तर पहिल्या ओळीत ओळखीन. आधी मला दाखव, मग पाठव. आणि ती यादी इथे टेबलावर ठेवून जा.