पत्र नेमकं कुठे असतं?

पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याकडे रेंज गेली की ब्राउझरमधलं जीमेल नुसतं गोल फिरत राहतं. परवा वाचलेलं पत्रही उघडत नाही, कारण ते इथे कधी उतरलेलंच नसतं. ते दूरच्या सर्व्हरवर असतं, ब्राउझर तेवढ्यापुरतं दाखवतो. ऑफलाइनची सोय आहे म्हणा, पण ती आधीच सुरू करून ठेवणारे किती?

आउटलुक, थंडरबर्डसारख्या प्रोग्रामांची घडण वेगळी. त्यांतली जुनी पीओपी पद्धत पत्र आपल्या डिस्कवर उतरवून घेते आणि सहसा सर्व्हरवरून काढून टाकते. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं तेव्हा फोनचं बिल चढत असायचं. लाइन जोडायची, टपाल उतरवायचं, लाइन तोडायची आणि उत्तरं सावकाश लिहायची, हाच शहाणपणा होता. 1996 ला हॉटमेल आलं आणि कुठल्याही कॅफेतून पत्र वाचता येऊ लागलं. 2004 मध्ये जीमेलने 1 जीबी जागा दिली, तेव्हा जुनं काही पुसायचीही गरज उरली नाही. पत्रं सांभाळायची आपली सवय तिथेच सुटली.

धानोऱ्याजवळच मेंढा (लेखा) आहे. गाव पिढ्यान्‌पिढ्या जंगलावरच जगत होतं, तरी 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवरचा सामूहिक वनहक्क मिळणं ही मोठी गोष्ट ठरली. बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला तर 2011 उजाडलं. वापरू दिलं जाणं आणि हक्क असणं यांत एवढं अंतर असतं. वेबमेलमध्ये आपण वापरू दिलेले लोक आहोत. दोन वर्षं खातं उघडलं नाही तर ते पुसून टाकायची मुभा गूगलच्या नियमांतच आहे.

हक्काबरोबर राखणही येते, हे मेंढ्याला कोणी सांगायला नको. पत्रं एकाच डिस्कवर असली आणि डिस्क गेली, तर सगळंच गेलं. म्हणून बहुतेक जण मधली वाट धरतात: प्रोग्राम आपला, पद्धत आयमॅपची, म्हणजे पत्र सर्व्हरवर आणि त्याची प्रत आपल्याकडे. पण आयमॅपची प्रत सर्व्हरच्या तालावर चालते. तिकडे पत्र पुसलं की इकडचंही जातं. ती प्रत आपली वाटते, एवढंच. पत्र खरोखर आपल्याकडे ठेवायचं तर ते प्रोग्राममधल्या ‘लोकल फोल्डर’मध्ये हलवावं लागतं आणि त्याचीही एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढावी लागते. कंटाळवाणं काम आहे. घरगुती टपालासाठी मी ते कोणाला सांगणार नाही.

पण ग्रामसभेची, बचत गटाची, शाळेची गोष्ट निराळी. तिथलं खातं बहुधा गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराच्या मोबाइल नंबरवर काढलेलं असतं. तो कामाला नागपूर-पुण्याकडे गेला, नंबर बदलला, की ओटीपी भलत्याच फोनवर वाजतो. वनहक्काच्या दाव्यावर कोणत्या कार्यालयाने कोणत्या तारखेला काय कळवलं, हे तेव्हा फक्त डिस्कवर उतरवलेल्या पत्रांतूनच दाखवता येतं.