दगडांमागचे हात

आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, अटलांटिकच्या भर लाटांत स्केलिग मायकेल नावाचा सुळका उभा आहे. उंची २१८ मीटर. झाड नाही, झरा नाही. समुद्र खवळला की होडी लागत नाही. तरीही बारा-तेराशे वर्षांपूर्वी, कदाचित त्याही आधी, काही ख्रिस्ती साधू इथे येऊन राहिले. खडकावर रचलेल्या ६१८ पायऱ्या चढून गेलं की त्यांच्या सहा घुमटाकार कुटी दिसतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवत नेलेला, वर निमुळता होत मिटलेला. पावसाचं पाणी बाहेर निथळावं म्हणून दगडांना बाहेरच्या बाजूला उतार दिलेला. पिण्यासाठी तेच पाणी टाक्यांत साठवलेलं. तेराव्या शतकाच्या सुमाराला साधू किनाऱ्यावर परतले, कुटी मात्र अजून उभ्या आहेत. १९९६ साली युनेस्कोनं हे बेट जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आता दिवसाला १८० माणसांनाच तिथे उतरता येतं.

तिथून उत्तरेला ग्रेट ब्लास्केट बेट आहे. तिथेही दगडी भिंती आहेत, पण बहुतेकांवर छपरं नाहीत. वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून उताराच्या आधारानं बांधलेली ही कोळी-शेतकऱ्यांची घरं. याच वस्तीतल्या टोमास ओ’क्रोहन यांचं आयरिश भाषेतलं आत्मचरित्र १९२९ साली प्रसिद्ध झालं, आणि पुढे पेग सेयर्स या कथेकरी बाईंनी सांगितलेलं आयुष्यही पुस्तकरूपानं आलं. शंभर-दीडशे माणसांच्या गावानं एका भाषेच्या साहित्याला एवढं द्यावं, हे विलक्षण आहे. पण तरुण मुलं अमेरिकेला जात राहिली. १९४७ च्या जानेवारीत एक तरुण आजारानं गेला. समोर किनारा दिसत असूनही वादळामुळे डॉक्टर पोचू शकला नाही. १९५३ साली सरकारनं उरलेल्या मोजक्या रहिवाशांना पलीकडे हलवलं.

स्केलिगच्या कुटीपुढे आपला आवाज आपोआप खाली येतो. ब्लास्केटच्या घरापुढेही तो तसाच यायला हवा, असं मला वाटतं. आपण पडक्या वास्तूला वयानं मोजतो. हजार वर्षं झाली की वारसा, सत्तर वर्षं झाली की पडीक घर. पण साधू एकांत शोधत आले आणि काळ बदलल्यावर गेले. ब्लास्केटच्या माणसांना एकांत नको होता, त्यांना डॉक्टर हवा होता, शाळा हवी होती. त्यांच्या चुलीची जागा कमी पवित्र कशी? वाऱ्यात टिकेल अशी भिंत रचण्याचं ज्ञान दोन्हीकडे दिसतं, आणि जपायचं आहे ते हे ज्ञान, ही जगण्याची हिंमत.

गॉलवेच्या उपसागरातलं इनिश मोर बेट हेच वेगळ्या तऱ्हेनं सांगतं. त्याच्या दक्षिणेच्या कड्यावर डून एंगसचा दगडी कोट आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथे पहिली तटबंदी उभी राहिली. तिची एक बाजू शंभरेक मीटर उंच कड्यावरून थेट समुद्राकडे उघडी आहे. बाहेरच्या बाजूला टोकदार दगड रोवून शत्रूची वाट अडवली आहे. आज दिसणाऱ्या तटाची डागडुजी १८८० च्या दशकात झाली. म्हणजे इतका जुना कोटही पुन्हा दगड लावणाऱ्या हातांमुळेच आपल्यापर्यंत आला.

कोटाच्या पायथ्याशी पसरलेल्या शेतांकडे मात्र बहुतेक पाहुणे फारसं बघत नाहीत. उघड्या चुनखडकावर वाळू आणि समुद्रातलं शेवाळ आणून टाकून इथल्या पिढ्यांनी माती तयार केली. खडक फोडून निघालेल्या दगडांचे गडगे रचले. कोकणातला माणूस हे गडगे लगेच ओळखेल. दगडांमधल्या फटींतून वारा जातो, म्हणून भिंत टिकते. पुष्कळ शेतांना फाटक नसतं. गुरं आत-बाहेर न्यायची तर गडग्याचा एक तुकडा उतरवायचा, गुरं गेली की पुन्हा रचायचा. सुक्या दगडी बांधकामाची ही कला २०२४ साली आयर्लंडच्या वतीनं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

मला या यादीतली नोंद स्केलिगच्या नोंदीइतकीच मोलाची वाटते. अशा बेटांवर जाताना समुद्रानं होडी परतवली तर हळहळू नये. त्या अडवणुकीनंच हे जीवन घडवलं होतं, आणि शेवटी मोडलंही. उतरायला मिळालंच तर पडलेल्या भिंतीतला दगड हलवू नये, आणि उभ्या भिंतीकडे थोडं थांबून बघावं. फाटकाऐवजी गडगा उतरवणारा शेतकरी रोज एक भिंत मोडतो आणि रोज उभी करतो. ती नव्यानं रचायला कुणी उरलं नाही की मगच ती पडकी होते.